पहाटेचा होकार

स्वप्नात पांघरूण होतं, उशी होती, खिडकीबाहेर सिल्व्हर ओकच्या शेंड्यांत अडकलेलं धुकं होतं आणि जयवंतचा हातही होता. नेहमीसारखाच तिच्या कमरेवर पडलेला. पण रोहिणीला तो हात काही केल्या ओळखू येईना. वजन तेच, बोटं तीच. हात ऊबदार होता, मऊ होता, आणि त्याला काही म्हणजे काही नको होतं. ती त्या हाताला म्हणाली, "काय रे, कुठनं आलास?" हात बोलला नाही. मग धुकं हळूच खोलीत आलं, खाट होडीसारखी हलायला लागली, खाली धोम धरणाचं पाणी पसरलं आणि त्या एवढ्या थोरल्या पाण्यावर ती आणि तो हात असे दोघंच तरंगत राहिले. वाईट असं काहीच घडलं नाही. तरी जागी होताच तिनं पांघरुणाखाली जयवंतचा खरा हात चाचपला.

शेजारी जयवंत पालथा झोपला होता. दोघांच्या उशांतून बारीक गुणगुण येत होती, पलीकडच्या आळीत कुणी तंबोरा लावत बसावं तशी. मग ती थांबली. आता उशा वाट बघत होत्या. रोहिणीनं ओठ गच्च मिटून घेतले. या घटकेला तिच्या तोंडून एक शब्द निघायला नको होता, आणि तो निघू नये म्हणून ती रोज पहाटे अशीच मुकी पडून राहायची.

बाहेर उजाडत गेलं. झाडांवरून पाणी टपटप गळायला लागलं. बराच वेळ गेल्यावर, आता धोका टळला असं वाटल्यावर, तिनं रोजच्यासारखी हाक मारली, "अहो, उठा. वारा छान आहे आज."

"हो," असं उशीतल्या उशीत पुटपुटून जयवंतनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

या उशांची भानगड आता सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीसारखं वाटायचं.

जयवंत भिलारेनं जन्मभर एकच उद्योग केला. पाचगणीच्या पठाराच्या कडेला लोकांना पॅराग्लायडिंगच्या पंखाशी बांधायचं आणि कृष्णेच्या खोऱ्यावरून फिरवून आणायचं. रोहिणीनं इथल्याच एका बोर्डिंग शाळेत गणित शिकवलं. साठी ओलांडली आणि जयवंतला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. किरणोपचार झाले, सगळं निस्तरलं असं समजून दोघांनी देवाला जाऊन नारळ फोडला आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं. पण हा आजार भलता सावकाश असतो. प्रोस्टेटच्या पेशी पीएसए नावाचं एक प्रथिन रक्तात सोडतात, चांगल्या पेशीही आणि बिघडलेल्याही. किरणांनंतर त्याचा आकडा उतरत उतरत तळाला टेकतो. त्या तळापासून तो पुन्हा दोन अंकांनी वर चढला की डॉक्टर समजतात, काही पेशी वाचल्या आहेत. जयवंतचा चढला. स्कॅनमध्ये मात्र कुठंच काही दिसेना. म्हणजे चोर घरात आहे हे नक्की, पण कुठल्या खोलीत ते कळत नाही.

अशा वेळी पुढचा उपाय हार्मोनचा. या पेशींचं खाद्य म्हणजे पुरुषाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन. औषधानं ते बंद पाडलं की त्या उपाशी पडतात आणि कितीतरी वर्षं गप्प बसतात. पण टेस्टोस्टेरॉन काही फक्त त्यांच्यासाठीच बनलेलं नसतं. ते गेलं की हाडं ठिसूळ होतात, दंडाचं मांस सैल पडतं, भर थंडीत अंगातून वाफा निघतात, डोळ्यांना पाणी यायला निमित्त लागत नाही, आणि इच्छा मावळते. कसली इच्छा ते पाचगणीतल्या गृहस्थाश्रमी माणसांना समजावून सांगायला नको.

मग हे औषध सुरू कधी करायचं? डॉक्टर नाझनीन इनामदार पाचगणीचीच. शाळेत रोहिणीच्या हाताखाली लघुगणकं शिकलेली. तिनं जुन्या विद्यार्थिनीसारखं दोन्ही हात टेबलावर ठेवून सांगितलं होतं, "टीचर, सरांचा आकडा तीन महिन्यांत दुप्पट होत असता तर मी तुम्हाला विचारतच बसले नसते, औषध सुरूच केलं असतं. पण सरांना दुपटीला दीड वर्ष लागतंय. इतका सावकाश असेल तर आज सुरू केल्यानं आयुष्य वाढतंच असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. वाढलं तर थोडं वाढेल. थांबलात तर मधली वर्षं तुमची तुम्हाला मिळतील. दोन्ही बरोबर आहे. ठरवायचं तुम्ही."

दोन्ही बरोबर! गणिताच्या बाईला असलं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

असं ठरवणं माणसांना जमत नाही हे ओळखूनच कुणीतरी ते यंत्र काढलं होतं. दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. ती रक्तातला पीएसए मोजत राहते आणि तिच्याच पोटात ते औषध कुलूपबंद असतं. तिच्या आकड्यांवरून यंत्र माणसाचं पुढच्या दहा वर्षांचं शरीर मांडतं, औषध घेतलेलं एक आणि न घेतलेलं एक. मग पहाटेच्या हलक्या झोपेत, जेव्हा स्वप्नांचा बाजार भरलेला असतो, उशी त्यातलं एक शरीर झोपलेल्याच्या अंगात उतरवते. चित्रं ती दाखवत नाही. ऊब, गारवा, हातापायांचं जडपण, श्वासाची लय, एवढंच मानेतल्या नसांना कळवते. बाकीचं स्वप्न ज्याचं त्यानं विणायचं. एक पहाट औषधाची, एक पहाट बिनऔषधाची. जोडीदारासाठी दुसरी उशी असते. शेजारची बाजू पुढं कशी लागेल ते तिच्यातून कळतं. स्वप्न संपलं की उशा थांबतात. डोकी उशांवर आहेत तोवर दोघांच्याही तोंडून हो आलं, आणि असं ओळीनं तीन पहाटा आलं, की कुपीचं कुलूप उघडतं.

"दोघांच्या तोंडून कशाला? आजार माझा," जयवंत म्हणाला होता.

"आधी एकट्या पेशंटचाच होकार घ्यायचे, सर. मग दोन महिन्यांनी बायका यायच्या आणि विचारायच्या, डॉक्टर, आमच्या घरात हा कोण माणूस आणून ठेवलात? तेव्हापासून विचारतात, जोडीदाराचा होकार हवा का नको. सक्ती नाही."

"हवा, हवा. हिनं हो म्हटल्याशिवाय मी नवा शर्टसुद्धा घेतलेला नाही." आणि जयवंत मोठ्यानं हसला होता.

पण त्याला औषध हवं होतं, लगेच हवं होतं. पहिल्या दिवसापासून तो उशीला हो म्हणत होता. आणि रोहिणीला नको होतं. का नको होतं ते ती कुणाला सांगू शकत नव्हती, नवऱ्याला तर मुळीच नाही. साठीच्या बाईनं, नवऱ्याला कॅन्सर असताना, मला अजून तुझी ओढ आहे म्हणून थांब, असं म्हणायचं? शोभतं का ते? तिनं स्वतःलाच दहा वेळा दटावलं. तरी पहाट झाली की तिचे ओठ मिटायचे ते मिटायचेच.

त्या दिवशी सकाळी ती पोह्यांवर खोबरं भुरभुरवत होती, तेवढ्यात जयवंत फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"रोहिणी! अगं, तू हो म्हणालीस?"

"काय?"

त्यानं फोन पुढं केला. आपल्या दोघांच्या होकारानुसार औषध सुरू करण्यात आले आहे, असं त्यावर शुद्ध मराठीत लिहिलं होतं. जयवंतचे डोळे भरून आले होते. त्यानं तिचे खोबऱ्याचे हात तसेच हातात घेतले. "मला वाटलं होतं तू अडवणार. रोज बघतोय, दात आवळून पडतेस. म्हटलं, हिला नाही पटत. तीन दिवस मला न सांगता म्हणालीस होय? थोर आहेस बाई. सुटलो बघ मी. आज किती दिवसांनी भूक लागलीय."

मी नाही म्हणाले, असं रोहिणीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून ते तिथंच विरघळलं. इतका मोकळा चेहरा तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिनं त्याला पोहे वाढले. त्यानं दोनदा मागून घेतले.

मग दिवसभर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. झोपेत म्हणाले असेन का? सगळ्या पहाटा तिला नीट आठवत होत्या, धुकं आठवत होतं, मिटलेले ओठ आठवत होते. पण स्वप्नातून बाहेर यायच्या त्या निसरड्या जागेत, जिथं खाट अजून पाण्यावर असते आणि भिंत पुरती भिंत झालेली नसते, तिथं दुसरीच कुणी रोहिणी बसलेली असेल तर? नवऱ्याचं भलं बघणारी, शहाणी, सोज्वळ. तिनं परस्पर होकार देऊन टाकला असेल. रोहिणीला त्या बाईचा असा राग आला की भांडी घासताना तिनं एक कप फोडला.

औषध अंगात भिनायला वेळ लागला नाही. पौषातली थंडी, पठारावर कुडकुडणारे घोडेवाले, आणि जयवंत गंजिफ्रॉकवर दारात उभा! मानेपासून कपाळापर्यंत लालबुंद व्हायचा, कपाळावर घाम डवरायचा, आणि म्हणायचा, "आली बघ आमची गाडी." थोड्या वेळात गाडी निघून जायची. हाडांना जपायचं म्हणून त्यानं लोकांना घेऊन उडणं बंद केलं. शिकवलेल्या पोरांना कडेला उभं करायचा आणि खालून वर येणाऱ्या वाऱ्याकडं बघत राहायचा. रात्री गाढ झोपायचा. टीव्हीवर वासरू हरवल्याची बातमी बघून रडला, मग रडला म्हणून हसला. गोड झाला होता अगदी. शेजारपाजारचे म्हणत, जयवंतराव किती शांत झालेत हो.

रोहिणी मात्र वाळत चालली होती. तिच्या स्वप्नातला तो हात आता जागेपणी येऊन राहिला होता. एका संध्याकाळी ती मुद्दाम त्याच्याजवळ सरकून बसली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यानं प्रेमानं तिला थोपटलं. "दमलीस ना?" म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी दूध गरम करायला गेला. वाईट असं त्यात काहीच नव्हतं. रोहिणी सोफ्यावर बसून राहिली आणि आपल्या धडधाकट नवऱ्यासाठी, तो गेल्यासारखं, तिला रडू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ नाझनीनच्या दवाखान्यात गेली. "मला त्या तीन पहाटा ऐकायच्यात," म्हणाली. "माझा होकार आहे ना, मग मला ऐकायचा हक्क आहे."

नाझनीननं टेबलावरच्या यंत्रात पहिली पहाट लावली. गुणगुण. मग ती थांबली. मग लांबलचक शांतता, तिच्यात पांघरुणाची सळसळ, पाणी टपकल्याचा आवाज, कुठंतरी बुलबुल. आणि मग रोहिणीचाच घोगरा, झोपाळलेला आवाज.

"अहो."

"हो," जयवंत.

दुसऱ्या पहाटेलाही तेच. तिसऱ्याही. नाझनीननं भुवया उंचावल्या. "तुम्ही हो म्हणताय, टीचर. सर पण म्हणतायत. स्पष्ट आहे."

"नाझनीन, मी अहो म्हणतेय."

"म्हणजे?"

"अगं, अहो! नवऱ्याला हाक मारतेय. उठवतेय त्यांना."

नाझनीननं तोंडावर हात दाबून धरला. हसू आणि घाबरणं दोन्ही एकदमच आलं होतं तिला. "या अल्ला. आमच्याकडं अम्मी अब्बूंना अजी म्हणते. माझ्या ध्यानातच आलं नाही."

तिनं तिथल्या तिथं यंत्र बनवणाऱ्यांना पुण्याला फोन लावला. पलीकडची इंजिनियर मुलगी फार नम्र होती. झोपेतली माणसं स्वच्छ हो म्हणत नाहीत, ती म्हणाली. अं हो, ऊंहो, असं काहीतरी म्हणतात. त्यामुळं 'हो'च्या आधी एखादा अडखळलेला स्वर आला तरी होकारच धरायचा, असं आम्ही यंत्राला मुद्दाम शिकवलंय. मग तिनं प्रामाणिकपणे विचारलं, "पण मॅम, त्या नवऱ्याला नावानं का हाक मारत नाहीत?"

आता काय सांगायचं तिला? वाईच्या कॉलेजात रोहिणी त्याला ए जयवंत अशीच हाक मारायची. लग्न होऊन भिलारला आली आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिला चुलीपाशी बोलावून घेतलं. म्हणाल्या, घरात अहो म्हणायचं. खोलीत काय म्हणता ते तुमचं तुम्ही बघा. तेव्हापासून घरात अहो, खोलीत तू. सासूबाई गेल्या, भिलार सुटलं, पण जिभेचं वळण राहिलं. पुढं पुढं पहाटेची हाकही अहोच व्हायला लागली. आधी ती उठून चहा टाकायची आणि स्वयंपाकघरातून हाक मारायची. थंडी वाढली तशी पांघरुणातूनच मारायला लागली, डोकं उशीवर ठेवून. यंत्र बनवणाऱ्या मुलांच्या घरात कुणी कुणाला अहो म्हणत नसणार, त्यांचा तरी काय दोष.

नाझनीननं फोन ठेवला. आता ती पुरती डॉक्टर झाली होती. "चूक आमच्याकडची आहे. मी वर कळवते, आणखी कुणाकडं असं झालंय का तेही बघायला लावते. कुपी बंद करता येईल. गेलेलं औषध अंगातून उतरायला काही महिने लागतील, नुकसान काही नाही. पण सरांना हे कळायला हवं. मी सांगू?"

"नको. मी सांगते."

"टीचर..." नाझनीन अडखळली. "म्हणजे तुम्हाला नकोच होतं?"

जिला वर्गात उभं करून पाढे म्हणायला लावले, तिला काय सांगणार? रोहिणी पर्स उचलून बाहेर पडली.

घरी न जाता ती पठारावर गेली. दुपारची वेळ असूनही धुकं उठलं नव्हतं. जांभ्याच्या त्या अफाट सपाटीवर माणसं दहा पावलांवर दिसायची आणि नाहीशी व्हायची, घोडे नुसत्या टापा होऊन जायचे. न सांगता गप्प राहिलं तर काय बिघडेल, असा तिचा मनाशी वाद चालला होता. तो सुखी आहे. भीती गेलीय त्याची. आपण तेवढं गिळायचं. बायका कितीतरी गिळतात. पण मग उरलेलं सगळं आयुष्य तो तिच्या न दिलेल्या होकाराचे उपकार मानत राहणार, आणि ती त्याच्याकडं परक्या पाहुण्यासारखी बघत राहणार. छे! हा संसार नव्हता.

जयवंत कडेपाशी एका दगडावर बसला होता, एकटाच. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी मलूल लोंबत होती.

"तू कशी काय इकडं?" त्यानं विचारलं.

"मी हो म्हणाले नव्हते," ती म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आधी तो हसला. पोट धरधरून हसला, डोळ्यांतून पाणी येईतो. "आईनं मारलं की आपल्याला! बसल्या जागेवरनं मारलं!" मग हसू ओसरलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "थांब. म्हणजे तुला म्हणायचंच नव्हतं."

"नव्हतं."

"का? मी जगू नये असं वाटतं काय तुला?"

"तोंड सांभाळ हं!" रोहिणी ओरडलीच. धुक्यात कुठंतरी एक घोडा खिंकाळला. "मला तू हवा होतास. हा असा गोडगोड शांत म्हातारा नको होता मला. तू. तुझा तो घट्टे पडलेला हात, काहीतरी मागणारा. मला अजून वाटतं तुझ्याविषयी, काय करू? लाज वाटते सांगायला, पण वाटतं. डॉक्टर म्हणाली, थांबलं तरी चालतं. मग थांबावंसं वाटलं मला. झालं! घाल आता काय शिव्या घालायच्या त्या."

दिवसाढवळ्या, चारचौघांच्या पठारावर, ती त्याला तू म्हणत होती. जयवंत दगडावर बसून तिच्याकडं बघत राहिला.

"किरणांनंतर मला जमतंय कुठं धड?" तो खाली बघत म्हणाला. "तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण मला आधीपासनंच धडकी भरते. तू जवळ आलीस की वाटायचं, पळून जावं. म्हटलं, एकदा औषध सुरू झालं की कुणी विचारायचं नाही. औषधानं गेलं, मी तरी काय करणार. सुटलो."

"कुणी म्हणजे कोण?"

"तूच की. दुसरं कोण आहे इथं?"

रोहिणी त्याच्या शेजारी दगडावर टेकली. "म्हणजे तुला मरणाची भीती नव्हती वाटत?"

"तीही होती. पण ती रोज रात्री नव्हती येत."

"आणि मी इतके दिवस तुझे पेपर तपासत बसलेय, असं वाटत होतं तुला?"

"गणिताची बाई तू. सवय असते."

तिला हसू आलं आणि रडूही. तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, अगदी कॉलेजातला. जयवंतनं धुक्याकडं बघत सांगितलं, औषधाच्या पहाटांना त्याला रोज तेच स्वप्न पडायचं. मिटलेला पंख पाठीवर घेऊन तो खोऱ्यातून पायी चालत घरी येतोय. उडायचंच नसतं. कुणी हाक मारत नाही, कुणी वाट बघत नाही, पायाखाली ओलं गवत. "कसलं हलकं वाटायचं म्हणून सांगू. बिनऔषधाच्या पहाटेला मी वर असायचो, आणि खाली तू उभी. उतरताना पडणार, आणि तू बघणार. दर वेळी त्याच जागी जाग यायची."

"पडलास तर पडलास," रोहिणी म्हणाली. "उचलून घरी नेलं असतं. जमण्या-न-जमण्याचं काय घेऊन बसलास? मला जे हवंय त्यातलं निम्मं तर तू नुसता कुशीवर वळलास तरी मिळतं. आणि उरलेल्या निम्म्याचं आपण बघू. औषध लागलं तर हाडांसाठी घे, जिवासाठी घे. माझ्यापासून लपायला घेऊ नकोस."

जयवंतनं मान डोलावली.

चार दिवसांनी दोघं नाझनीनसमोर बसले होते. थांबायचं ठरलं होतं. दर तीन महिन्यांनी स्वतंत्र रक्ततपासणी करायची. दुपटीचा काळ वर्षाच्या आत आला, किंवा स्कॅनमध्ये कुठं ठिपका दिसला, की त्याच दिवशी औषध सुरू, तेव्हा वाद घालायचा नाही. नाझनीननं हे सगळं दोनदा वदवून घेतलं. "आता कुपी बंद करायलाही दोघांचा होकार लागेल," ती म्हणाली. "जागेपणी. माझ्यासमोर."

जयवंतनं लगेच दिला.

आणि रोहिणीची वाचाच बसली. इतके दिवस न बोलणं सोपं होतं. आता बोलायचं होतं, आणि त्याचं काय होईल ते आयुष्यभर आपल्या अंगावर वागवायचं होतं. आकडा अचानक धावत सुटला तर? दीड वर्षाचा हिशेब चुकला तर? आपल्या सुखासाठी आपण याची वर्षं तर नाही ना खर्चत? तिनं जन्मभर मुलांना सांगितलं होतं, उत्तर पडताळून बघा. हे उत्तर पडताळायला काही सोयच नव्हती. तिचे हात गार पडले.

"पुढं काही झालं," ती कशीबशी म्हणाली, "तर मी मला..."

"थांब," जयवंत म्हणाला. "हे तू एकटी नाही ठरवत आहेस. मलाही थांबायचंय. मला भीती वाटतेय अजून, आणि तरी थांबायचंय. माझ्या मनातलं मी सांगितलं. तुझ्या मनात असेल तरच बोल, नाहीतर उठू इथनं, आणि औषध चालू दे. मी रागावणार नाही."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो खरंच रागावला नसता. म्हणूनच तिला बोलता आलं.

नाझनीननं यंत्रावर काहीतरी दाबलं आणि कुपी बंद झाली. एवढ्याशा गोष्टीचा आवाजसुद्धा झाला नाही. "आणि उशा?" तिनं विचारलं.

"घेऊन जा त्या," जयवंत म्हणाला. "आम्हा दोघांनाच गादी पुरत नाही."

ते बाहेर पडले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. धुक्यानं बाजारपेठ अर्धी पुसून टाकली होती. मक्याच्या कणसांच्या गाडीवरचे निखारे तेवढे लाल दिसत होते, आणि घाट चढून आलेली बिनड्रायव्हरची बस स्टँडवर दिवे लुकलुकवत उभी होती. रोहिणीला हुडहुडी भरली. स्वेटर ती घरी विसरून आली होती, आणि होकार देताना गार पडलेले हात अजून तापायचं नाव घेत नव्हते. तेवढ्यात जयवंत भर रस्त्यात थबकला. मान लाल, कपाळ लाल. त्यानं जॅकेटची चेन खसकन खाली ओढली.

"आली गाडी. अजून दोन-तीन महिने असलंच चालायचं म्हणे."

रोहिणीनं जराही विचार केला नाही. त्याच्या मागं गेली, जॅकेट आणि शर्ट वर सारला आणि आपले दोन्ही बर्फासारखे हात त्याच्या तापलेल्या पाठीवर चिकटवून टाकले. जयवंत केवढ्यांदा किंचाळला. कणीसवाला, बसमधले प्रवासी, सगळे वळून बघायला लागले.

"अगं बये! काढ ते हात! लोक बघतायत!"

"बघू दे. मी गारठलेय."

"औषध उतरलं की ही शेगडी विझणार बरं का. मग काय करशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," ती म्हणाली. तिचे हात आता शेकत चालले होते. जयवंतनं शर्ट खाली ओढला नाही. रस्त्याच्या मधोमध, पाठ तिच्यासाठी मोकळी सोडून, तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या अंगातली गाडी निघून जाईपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.